तिकीट पुन्हा विकताना हातात नेमके किती उरते?

२२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बारा वाजता 'कोल्डप्ले' या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची तिकिटे 'बुक माय शो'वर विक्रीस खुली झाली आणि रांगेत आपला क्रमांक काही लाखांच्या पुढे असल्याचे असंख्य लोकांना पडद्यावर दिसले. डी. वाय. पाटील स्टेडियमवरील या कार्यक्रमांचे स्वस्तात स्वस्त तिकीट २,५०० रुपयांचे आणि सर्वांत महाग तिकीट ३५,००० रुपयांचे होते. १८ आणि १९ जानेवारी २०२५ हे दोन दिवस अपुरे पडतील हे दिसल्यावर २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, तरीही तिकिटे पुरली नाहीत. त्यानंतर लगेचच 'व्हियागोगो' आणि 'गिग्सबर्ग' या पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर हीच तिकिटे कित्येक पट किमतीला, काही तर लाखांत, विक्रीस लावलेली दिसू लागली. या दोन्ही संकेतस्थळांशी आपला संबंध नाही, असे 'बुक माय शो'ने जाहीर केले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी सुरू केली आणि ऑक्टोबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने मुंबई, दिल्ली, जयपूर, बंगळूर व चंडीगड येथे छापे घातले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. जानेवारी २०२५ मध्ये ती फेटाळताना, अशा विक्रीसाठी नियम करणे हे विधिमंडळाचे आणि सरकारचे काम आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती काळाबाजार करणाऱ्यांची, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु तिकीट पुन्हा विकणारा प्रत्येक माणूस काळाबाजारवाला नसतो. चार मित्रांसाठी चार तिकिटे काढलेली असतात आणि त्यांतल्या दोघांची ऐनवेळी परीक्षा निघते, कोणाच्या घरी आजारपण येते, कोणाची रजा मंजूर होत नाही. अशा माणसाला नफा नको असतो, गेलेले पैसे परत हवे असतात. मला या लेखात मुख्यतः त्याच्याविषयी आणि त्याच्याकडून तिकीट घेणाऱ्याविषयी लिहायचे आहे, कारण या दोघांच्या मध्ये जे शुल्क उभे असते त्याचा हिशेब फार थोडे लोक आधी करतात.

पुनर्विक्रीचा बाजार मुळात निर्माण का होतो, हे आधी पाहू. कार्यक्रमाच्या तिकिटात दोन गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे ते सहसा परत घेतले जात नाही. रेल्वेचे आरक्षण रद्द केले तर काही रक्कम कापून उरलेली मिळते, पण मैफिलीच्या किंवा सामन्याच्या तिकिटावर बहुधा 'परतावा नाही' अशी अट असते. दुसरी गोष्ट अशी की त्याची मुदत एका क्षणी संपते. पडदा उघडला, पहिला चेंडू पडला, की त्या कागदाची किंमत झपाट्याने शून्याकडे जाते. याला जोड मिळते ती मूळ किमतीची. अनेक कलाकार आणि आयोजक लोकप्रिय कार्यक्रमाचे तिकीट बाजारात मिळू शकेल त्यापेक्षा मुद्दाम कमी किमतीला ठेवतात, कारण त्यांना सभागृह भरलेले हवे असते, पुढच्या रांगांत केवळ श्रीमंत नव्हे तर मनापासून ऐकणारे लोक हवे असतात आणि चाहत्यांचा रोषही नको असतो. छापील किंमत आणि लोक द्यायला तयार असलेली किंमत यांत अंतर पडले की ते अंतर खिशात घालण्यासाठी कोणीतरी पुढे येतोच. एकपडदा चित्रपटगृहांच्या बाहेर 'ब्लॅक'ने तिकिटे विकणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. तेव्हा रोख नोट एका हातातून दुसऱ्या हातात जात असे; आता मध्ये एक संकेतस्थळ असते, आणि ते दोन्हीकडून घेते.

येथे एक साधा हिशेब मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण टक्केवारी प्रत्यक्षात आढळणारी आहे. समजा, तिकिटाची छापील किंमत ५,००० रुपये आहे. ऑनलाइन काढताना त्यावर दहा टक्के, म्हणजे ५०० रुपये बुकिंग शुल्क लागले आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९० रुपये. तुमच्या खात्यातून ५,५९० रुपये गेले. आता कार्यक्रमाला जाणे जमत नाही म्हणून तुम्ही ते तिकीट अशा संकेतस्थळावर लावले, जे विक्रेत्याकडून १५ टक्के आणि खरेदीदाराकडूनही १५ टक्के घेते. तुमचा हेतू चांगला आहे, म्हणून तुम्ही छापील किंमतच, म्हणजे ५,००० रुपये मागता. घेणाऱ्याला ५,७५० रुपये मोजावे लागतात, तुमच्या हातात ४,२५० रुपये येतात आणि मधले १,५०० रुपये संकेतस्थळाकडे राहतात. घेणाऱ्याने दिलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले सुमारे २६ रुपये तुमच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. घेणाऱ्याला वाटते की आपण ७५० रुपये जास्त दिले, आणि तुमच्या खात्यात मात्र १,३४० रुपयांचा खड्डा पडलेला असतो.

आता हाच हिशेब उलटा करून पाहू. तुम्हाला नफा नको, पण तोटाही नको. खर्च झालेले ५,५९० रुपये पूर्ण परत हवेत. त्यासाठी तिकीट ६,५७७ रुपयांना लावावे लागेल, कारण त्यातून १५ टक्के वजा झाल्यावरच ५,५९० उरतात. घेणाऱ्याला त्यावर आणखी १५ टक्के पडतात आणि त्याची एकूण रक्कम ७,५६३ रुपयांच्या घरात जाते. ज्या तिकिटावर ५,००० छापले आहे ते घेणाऱ्याला दीडपटीहून थोडे अधिक महाग पडले, आणि तरीही विकणाऱ्याने एक रुपयाही कमावलेला नाही. हे उदाहरण मी जाणीवपूर्वक इतके सविस्तर मांडतो आहे. दीडपट किंमत पाहून घेणारा विकणाऱ्याला लुटारू समजतो, विकणारा घेणाऱ्याला घासाघीस करणारा समजतो, आणि या वाढलेल्या किमतीचे खरे कारण दोघांच्याही नजरेसमोर नसते.

यात आणखी एक बाब दडलेली आहे. शुल्क टक्केवारीत असल्यामुळे किंमत जितकी जास्त, तितकी संकेतस्थळाची कमाई जास्त. तिकीट हस्तांतरित करण्याचे काम मात्र ५,००० रुपयांच्या आणि ५०,००० रुपयांच्या तिकिटासाठी जवळजवळ तेवढेच असते. शिवाय तेच तिकीट दोनदा, तीनदा हात बदलले तर प्रत्येक वेळी नव्याने शुल्क लागते. म्हणून किमती खाली राहाव्यात याची काळजी घेण्याचे कोणतेही आर्थिक कारण अशा व्यवसायाला नसते. त्यांना दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. ज्या व्यवहारात दलालाची दलाली टक्क्यांत असते तेथे दलालाचे हित वरच्या किमतीतच असते, हे घर घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फरक इतकाच की घराच्या व्यवहारात दलाली किती हे आधी ठरलेले असते.

तिकिटांच्या बाबतीत ती आधी कळू द्यायची की नाही, यावर अमेरिकेत बराच मोठा वाद झाला. पुनर्विक्रीचा हा ऑनलाइन धंदा मोठा झाला तोही तेथेच. 'स्टबहब' ही कंपनी २००० मध्ये सुरू झाली, २००७ मध्ये ती 'ईबे'ने ३१ कोटी डॉलरना विकत घेतली आणि पुढे 'स्टबहब'च्याच एका संस्थापकाने, एरिक बेकर यांनी, २००६ मध्ये लंडनमध्ये काढलेल्या 'व्हियागोगो'ने २०२० मध्ये ती ४०५ कोटी डॉलरना घेतली. या मधल्या काळात 'स्टबहब'ने एक प्रामाणिक प्रयत्न करून पाहिला होता. २०१४ मध्ये तिने सर्व शुल्क धरून एकच अंतिम किंमत पहिल्या पानापासून दाखवायला सुरुवात केली. प्रतिस्पर्धी मात्र शुल्क शेवटच्या पानावरच दाखवत राहिले, त्यामुळे त्यांची तिकिटे वरवर पाहणाऱ्याला स्वस्त भासू लागली. २०१५ मध्ये कंपनीने ग्राहकांचे दोन गट करून प्रयोग केला: एका गटाला सुरुवातीपासून पूर्ण किंमत दाखवली, दुसऱ्याला शुल्क शेवटी दाखवले. ज्यांना शुल्क शेवटी कळले त्यांनी सुमारे २१ टक्के अधिक खर्च केला आणि खरेदी पूर्ण करण्याची त्यांची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी अधिक होती. त्यानंतर कंपनी पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळली.

हा प्रयोग मला या संपूर्ण विषयातील सर्वांत बोलका पुरावा वाटतो. माणूस एकदा जागा निवडतो, सोबत येणाऱ्यांना 'मिळाली' म्हणून कळवतो, कार्डाचा क्रमांक भरतो आणि मग शेवटच्या पानावर वाढलेला आकडा पाहतो, तेव्हा माघार घेण्याची त्याची तयारी उरलेली नसते. घड्याळ उलटे मोजत असते, जागा हातची जाण्याची भीती असते. ग्राहकाचे हे मन ओळखूनच शुल्क शेवटच्या पानावर ठेवले जाते. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात मूळ विक्रीवरील एकूण शुल्क तिकिटाच्या किमतीच्या सरासरी २७ टक्के आणि पुनर्विक्रीवरील शुल्क सरासरी ३१ टक्के असल्याचे आढळले होते. अखेर १२ मे २०२५ पासून तेथील 'फेडरल ट्रेड कमिशन'चा नियम लागू झाला आणि कार्यक्रमांच्या तिकिटांची जाहिरात करताना अनिवार्य शुल्कांसह पूर्ण किंमत दाखवणे बंधनकारक झाले. नियमाने शुल्क कमी केले नाही, फक्त ते उजेडात आणले; तरीही तुलना करणाऱ्या ग्राहकासाठी हे मोठे पाऊल आहे.

एवढे शुल्क घेऊन ही संकेतस्थळे काहीच देत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती सर्वांत मोठी गोष्ट देतात ती हमीची. तिकीट खोटे निघाले किंवा वेळेत मिळाले नाही तर पैसे परत किंवा त्याच तोडीचे दुसरे तिकीट, असे आश्वासन मोठ्या संकेतस्थळांच्या अटींमध्ये असते. हे आश्वासन पाळता यावे म्हणून विक्रेत्याचे पैसे बहुधा कार्यक्रम पार पडेपर्यंत अडकवून ठेवले जातात. म्हणजे सहा महिने आधी तुमचे तिकीट विकले गेले, तरी रक्कम सहा महिन्यांनीच हाती येते. या काळात तुम्ही तिकीट दिले नाही किंवा चुकीच्या रांगेचे दिले, तर अनेक ठिकाणी पर्यायी तिकिटाचा खर्च तुमच्याच कार्डावरून वसूल करण्याची तरतूद असते. हे कलम वाचल्याशिवाय तिकीट विक्रीस लावू नये असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांच्या हातात तिकीट अजून आलेलेच नाही, पण येईल अशी आशा आहे, त्यांनी तर मुळीच लावू नये.

हमीची कसोटी लागते ती कार्यक्रम रद्द झाल्यावर. नेहमीच्या व्यवहारात आयोजक परतावा देतो तो पहिल्या खरेदीदाराच्या कार्डावर, आणि तोही छापील किमतीइतका. ज्याने पुनर्विक्रीतून दुप्पट किंमत देऊन तिकीट घेतले, त्याचे पैसे संकेतस्थळाने द्यायचे असतात आणि ते विक्रेत्याकडून वसूल करायचे असतात. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे एकाच वेळी हजारो कार्यक्रम थांबले, तेव्हा ही साखळी तुटली. 'स्टबहब'ने रोख परताव्याऐवजी तिकिटाच्या किमतीच्या १२० टक्के मूल्याची कूपने द्यायचे ठरवले. ग्राहकांनी तक्रारी केल्या, अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी लक्ष घातले आणि २०२१ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर ग्राहकांना पूर्ण परतावा मिळण्याची वाट मोकळी झाली. हमी ही ती देणाऱ्याच्या गल्ल्याइतकीच भक्कम असते, हे त्या वर्षी असंख्य लोकांना अनुभवातून कळले.

मग मूळ आयोजकानेच पुनर्विक्रीची सोय केली तर? ती सर्वांत सुरक्षित असते यात शंका नाही, कारण जुने तिकीट रद्द करून नव्या माणसाच्या नावे नवे तिकीट देणे फक्त त्यालाच शक्य असते. परंतु सुरक्षित म्हणजे स्वस्त नव्हे. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी 'फिफा'ने स्वतःचा अधिकृत पुनर्विक्री बाजार उघडला आणि त्यात खरेदीदाराकडून १५ टक्के व विक्रेत्याकडूनही १५ टक्के शुल्क ठेवले. वर मांडलेला हिशेब जसाच्या तसा येथे लागू पडतो. अमेरिका आणि कॅनडातील सामन्यांसाठी विक्रेत्याला हवी ती किंमत लावण्याची मुभा दिली गेली. मेक्सिकोतील सामन्यांसाठी मात्र मूळ किमतीपेक्षा जास्त घेता येणार नाही, असे बंधन राहिले. एकाच स्पर्धेत, एकाच संस्थेने दोन नियम पाळले, कारण देश वेगळे होते. यावरून किमतीवर बंधन घालणे तंत्राच्या दृष्टीने अशक्य आहे, हा युक्तिवाद टिकत नाही असे माझे मत आहे. ज्या संस्थेने तिकीट पहिल्यांदा विकताना पूर्ण पैसे घेतले, तिने तेच तिकीट दुसऱ्यांदा विकले जाताना पुन्हा तीस टक्के घ्यावेत, आणि किंमत फुगली की तिचा वाटाही फुगावा, ही रचना मला पटत नाही.

भारतातून अशा स्पर्धेची तिकिटे काढणाऱ्यांसाठी यात आणखी एक थर आहे. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत वेळेत मिळाली नाही म्हणून तिकीट विकण्याची पाळी येऊ शकते, आणि तिकीट काढताना डॉलरमध्ये झालेल्या खर्चावर बहुतेक क्रेडिट कार्डे साधारण दोन ते साडेतीन टक्के परकीय चलन शुल्क व त्यावर जीएसटी लावतात. ही रक्कम पुनर्विक्रीत परत येत नाही. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहणाऱ्या नातेवाइकाच्या खात्यातून तिकिटे काढली असतील, तर ती विकण्याचा अधिकारही त्याच खात्याला राहतो आणि पैसेही तेथेच जमा होतात. कुटुंबातील हिशेब आधीच बोलून घेतलेला बरा.

बंधनांचा विषय निघालाच आहे, तर ती कोठे कशी आहेत हे पाहू. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून १,००० किंवा त्याहून अधिक प्रेक्षक बसू शकतील अशा नियुक्त ठिकाणच्या कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकण्यास बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने २०१८ पासून मूळ किमतीवर दहा टक्क्यांपर्यंतच वाढ मान्य केली आहे. ब्रिटनमध्ये फुटबॉल सामन्यांच्या तिकिटांची अनधिकृत विक्री १९९४ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील सरकारने संगीत, नाटक व खेळ यांच्या तिकिटांची मूळ किमतीपेक्षा जास्त दराने पुनर्विक्री बेकायदा करण्याचा इरादा जाहीर केला. त्या घोषणेतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग असा की पुनर्विक्री संकेतस्थळांच्या शुल्कावरही मर्यादा घालण्याचे तिच्यात म्हटले होते. केवळ तिकिटाच्या किमतीला बांध घातला आणि शुल्क मोकळे सोडले, तर पाणी त्या वाटेने बाहेर पडते.

उलट उदाहरणही आहे. कॅनडातील ओंटारियो प्रांताने २०१७ मध्ये पुनर्विक्रीवर मूळ किमतीच्या ५० टक्के वाढीची मर्यादा घालणारा कायदा केला, पण सरकार बदलल्यावर ती मर्यादा अमलात येण्यापूर्वीच मागे घेतली गेली, कारण नव्या सरकारच्या मते तिची अंमलबजावणी शक्य नव्हती. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. मर्यादा घातलेल्या बाजारातून तिकिटे बाहेर पडतात आणि व्हॉट्सअॅप, टेलिग्राम, इन्स्टाग्रामच्या खासगी संदेशांत विकली जातात, जेथे ना हमी असते ना पावती. शिवाय मर्यादा घातल्याने तिकीट शेवटी ज्याला सर्वांत जास्त हवे आहे त्याच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. ज्याचे इंटरनेट वेगवान, ज्याच्याकडे वेळ मोकळा, त्याला ते मिळते.

अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न मोजूनही पाहिला आहे. फिलिप लेस्ली आणि अॅलन सोरेन्सन यांनी अमेरिकेतील रॉक मैफिलींच्या तिकिटांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. पुनर्विक्रीमुळे तिकिटे अधिक कदर करणाऱ्यांच्या हाती जातात आणि त्यामुळे वाटपाची कार्यक्षमता सरासरी पाच टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. मात्र त्या लाभाचा सुमारे एक तृतीयांश भाग पहिल्या विक्रीतील धावाधाव आणि पुनर्विक्रीचा व्यवहारखर्च यांतच संपतो. आपण ज्याला शुल्क म्हणतो आहोत ते या व्यवहारखर्चातच येते. म्हणजे पुनर्विक्री मुळात वाईट आहे असे नव्हे. तिच्यातून होणारा फायदा कोण आणि किती गिळतो, यावर ती चांगली की वाईट हे ठरते.

भारतात याबाबत चित्र विस्कळीत आहे. रेल्वे तिकिटांचा अनधिकृत धंदा करणाऱ्यास रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मैफिलींच्या आणि सामन्यांच्या तिकिटांसाठी असा सर्व देशाला लागू असलेला स्वतंत्र कायदा नाही, आणि उच्च न्यायालयाने बोट ठेवले ते याच उणिवेवर. या रिकाम्या जागेत कंपन्या आपापले नियम करत आहेत. 'कोल्डप्ले' प्रकरणानंतर काही दिवसांतच 'झोमॅटो'ने आपल्या मंचावर घेतलेले तिकीट तेथेच पुन्हा विकण्याची सोय जाहीर केली. तिच्यात किमतीवर दुपटीची मर्यादा होती आणि विक्री झाल्यावर जुने तिकीट रद्द होऊन घेणाऱ्याला नवे तिकीट मिळण्याची व्यवस्था होती. दुपटीची मर्यादा मला सैल वाटते, परंतु जुने तिकीट रद्द होणे हा भाग अत्यंत मोलाचा आहे, कारण फसवणुकीचा सर्वांत सामान्य प्रकार त्यानेच थांबतो.

तो प्रकार असा. क्यूआर कोड असलेल्या तिकिटाचा स्क्रीनशॉट एकाच वेळी पाच जणांना विकता येतो. प्रवेशद्वारावर ज्याचा कोड आधी वाचला जातो तो आत जातो, उरलेले चार बाहेर राहतात, आणि त्या चौघांकडे विकणाऱ्याचा एक बंद झालेला मोबाइल क्रमांक तेवढा उरतो. माझ्या परिचयातील एका कुटुंबाच्या बाबतीत हे घडले आहे. मुलगी नव्या शहरातून रात्रभर प्रवास करून आली होती आणि दारावरून परत फिरली. म्हणून मी कोणालाही सांगतो की तिकीट हस्तांतरित करण्याची सोय असलेल्या अॅपमधूनच आपल्या नावावर येत असेल तर घ्यावे, चित्र किंवा पीडीएफ म्हणून येत असेल तर ओळखीच्या माणसाखेरीज कोणाकडूनही घेऊ नये. परदेशात 'टिकेटमास्टर'सारख्या कंपन्यांनी काही सेकंदांनी आपोआप बदलणारे बारकोड आणले ते याचसाठी. त्यांचा दुसरा परिणाम असा झाला की तिकीट त्यांच्याच अॅपमध्ये राहते आणि पुनर्विक्रीही बहुधा तेथेच करावी लागते. सुरक्षितता आणि मक्तेदारी येथे एकाच दाराने आत येतात.

ओळखीच्या माणसाला थेट विकणे हा शुल्क वाचवण्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे. वरच्या उदाहरणातील तिकीट तुम्ही मैत्रिणीच्या बहिणीला ५,००० ला दिले, तर तिचे ७५० वाचतात आणि तुमचेही ७५०. मात्र हमी राहत नाही, आणि तिकिटावर नाव छापले असेल किंवा प्रवेशाच्या वेळी मूळ खरेदीदाराचे ओळखपत्र मागण्याची अट असेल, तर हा मार्गच बंद असतो. ही अट तिकीट काढतानाच वाचावी, विकायची वेळ आल्यावर नव्हे.

राहिला प्रश्न वेळेचा, ज्याचा विक्रेते फार कमी विचार करतात. विक्री सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, जेव्हा तिकीट न मिळालेल्यांची हळहळ ताजी असते, तेव्हा मागण्या सर्वांत चढ्या असतात. पुढे कार्यक्रम जवळ येतो तसे ज्यांना जाणे जमणार नाही असे लोक वाढत जातात आणि किमती उतरू लागतात. अमेरिकेतील बेसबॉलच्या पुनर्विक्रीचा अभ्यास करणाऱ्या अँड्र्यू स्वीटिंग यांना असे आढळले की सामना जवळ येताना विक्रेते किमती ४० टक्के किंवा त्याहूनही अधिक उतरवतात. समजा, आपले ५,००० चे तिकीट शेवटच्या दिवशी ३,००० ला लावावे लागले. घेणाऱ्याला ते ३,४५० ला पडेल आणि विकणाऱ्याला २,५५० मिळतील, म्हणजे खर्च केलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी. संकेतस्थळाला तरीही ९०० रुपये मिळतील. तिकीट विकायचेच आहे हे ज्या दिवशी नक्की होईल, त्याच दिवशी ते विक्रीला लावावे, आणि किंमत ठरवताना पडद्यावर दिसणारा आकडा बाजूला ठेवून 'तुम्हाला मिळणारी रक्कम' असे जेथे लिहिलेले असते तो आकडा पाहावा. घेणाऱ्याची घाई नसेल आणि प्रवासाचा खर्च अंगावर नसेल, तर त्याने मात्र थांबावे.

विम्बल्डनमध्ये या सगळ्याला एक जुना आणि साधा पर्याय आहे. मुख्य कोर्टावरून लवकर निघणारे प्रेक्षक आपली तिकिटे परत करतात, ती जागा दिवसाच्या उरलेल्या वेळासाठी मैदानात रांग लावून उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला थोड्या पौंडांत दिली जाते, आणि जमलेले पैसे धर्मादाय कामाला जातात. संध्याकाळच्या उन्हात सेंटर कोर्टाच्या खुर्च्या त्यामुळे पुन्हा भरतात, आणि त्यांवर बसणाऱ्यांत सकाळी मूळ तिकीट परवडले नसते अशी माणसेही असतात.